गलंतिका आणि गळती

वैशाखात उज्जयिनीस जाण्याचा योग ज्यांस आला असेल, त्यांनी श्रीमहाकालेश्वराच्या गाभाऱ्यातील एक व्यवस्था अवश्य पाहिली असेल. उन्हाळ्याच्या त्या दिवसांत देवाच्या मस्तकावर मातीच्या मटक्या बांधलेल्या असतात. त्यांवर गंगा, यमुना, नर्मदा, गोदावरी, क्षिप्रा अशी नद्यांची नावे घातलेली असतात, आणि त्यांतून जलाची धार लिंगावर अखंड पडत राहते. हीच गलंतिका. गळावे म्हणूनच जिला बुद्ध्या छिद्र पाडलेले असते, आणि जी गळेनाशी झाली तर सेवेत खंड पडला असे मानावयाचे, अशी ही पात्रे.

त्याच दिवशी सायंकाळी आम्ही रामघाटावर बसलो असता एक नावाडी आपल्या होडीच्या तळाशी साचलेले पाणी पत्र्याच्या डब्याने उपसत होता. यात्रेकरू पायरीवर खोळंबले होते. त्यांतील एका वृद्ध गृहस्थांनी शंकित मुद्रेने विचारले, "होडी गळते की काय?" नावाडी उपसणे न थांबविता म्हणाला, "गळते थोडीशी, बाबूजी. न गळणारी होडी कोणी पाहिली आहे?"

गलंतिका आणि गळती हे दोन्ही शब्द एकाच 'गल्' धातूचे. एका पात्राचा धर्म गळण्याचा, दुसऱ्याचा न गळण्याचा. गाभाऱ्यातील पात्राची व्यवस्था कोणी पाहावयाची हे ठरलेले आहे. तेथे पाळ्या आहेत, मानकरी आहेत, हिशेब आहे. होडीच्या गळतीची व्यवस्था कोणी पाहावयाची? हा प्रश्न आम्हां वकिलांच्या कानास नवा नाही. पण तो किती जुना आहे, आणि समुद्रापासून इतक्या दूर असलेल्या अवंतीच्या परिसरात त्याचे किती धागे सापडतात, हे त्या सायंकाळी प्रथमच ध्यानात आले. तेच या लेखात वाचकांपुढे मांडावयाचे आहे.

उज्जयिनीस समुद्र नाही; तथापि तिचे वैभव समुद्रावर तरंगत होते, असे म्हटल्यास अतिशयोक्ती होणार नाही. इसवी सनाच्या पहिल्या शतकात एका ग्रीकभाषी व्यापाऱ्याने लिहिलेल्या 'पेरिप्लस' या सागरी मार्गदर्शिकेत 'ओझेने' म्हणून जिचा उल्लेख आहे ती हीच नगरी. पूर्वी येथे राजधानी होती, आणि येथून गोमेद व अकीक यांसारखे दगड, मलमल व जाडेभरडे कापड भरुच बंदरास उतरते, असे तो सांगतो. भरुच नर्मदेच्या मुखाशी. तेथील भरती-ओहोटी इतकी भयंकर की परक्या जहाजांस वाट दाखविण्यासाठी स्थानिक कोळी राजाज्ञेने आपल्या नौका घेऊन समुद्रात पुढे जात, असेही त्याने नमूद केले आहे. सातवाहनांच्या शिशाच्या काही नाण्यांवर एका बाजूस दोन डोलकाठ्यांचे जहाज आणि दुसऱ्या बाजूस चार वर्तुळांनी संपणारी फुली कोरलेली आढळते. या फुलीस नाणकशास्त्रात 'उज्जयिनी-चिन्ह' असेच नाव पडले आहे. हे चिन्ह अन्य ठिकाणच्या नाण्यांवरही येते, म्हणून त्यावरून मोठा सिद्धांत उभारणे धाडसाचे होईल. परंतु जहाज आणि उज्जयिनी-चिन्ह एका शिशाच्या तुकड्याच्या दोन बाजू असाव्यात, ही गोष्ट मनास स्पर्श करून जाते खरी.

विणकराने उज्जयिनीत मलमल विणली, ती बैलांच्या पाठीवरून भरुचास गेली, तेथे जहाजात चढली. आणि जहाजाच्या फळीतून ओंजळभर खारे पाणी आत आले की त्या विणकराचे श्रम, सावकाराचे भांडवल आणि व्यापाऱ्याची पत ही तिन्ही एकदम भिजली. गळती समुद्रात झाली. नुकसान माळव्यात पोहोचले.

याच माळव्याच्या एका राजाच्या नावावर नौकाबांधणीचे शास्त्र सांगणारा ग्रंथ असावा, हे म्हणूनच फारसे आश्चर्याचे नाही. धारेचा परमार राजा भोज अकराव्या शतकाच्या पूर्वार्धात माळव्यावर राज्य करीत होता. त्याच्या नावावरील 'युक्तिकल्पतरु' या ग्रंथात नौकांचे एक प्रकरण आहे. ग्रंथ स्वतः भोजाचा की त्याच्या मताचा आधार घेऊन दुसऱ्या कोणी रचलेला, याविषयी विद्वानांत मतभेद आहेत. राधाकुमुद मुखर्जी यांनी १९१२ साली प्रसिद्ध केलेल्या भारतीय नौकानयनाच्या इतिहासात त्याचा विस्ताराने उपयोग केला, तेव्हापासून तो सर्वत्र प्रसिद्ध झाला.

या ग्रंथात लाकडाचे चार वर्ण कल्पिले आहेत. हलके व मऊ, सहज जोडता येणारे लाकूड ब्राह्मण जातीचे. हलके पण कठीण ते क्षत्रिय. मऊ पण जड ते वैश्य. कठीण व जड ते शूद्र. क्षत्रिय जातीच्या काष्ठाची नौका सुखसंपत्ती देणारी, आणि भिन्न जातींची लाकडे एकत्र करून केलेली नौका पाण्यात लवकर कुजणारी व फुटणारी, असे ग्रंथकाराचे मत आहे. वर्णांची परिभाषा बाजूस ठेवली तरी त्यामागील अनुभव खोटा नाही. दोन प्रकारची लाकडे पाण्याने सारखी फुगत नाहीत आणि उन्हाने सारखी आकसत नाहीत. जेथे एक फळी फुगते व शेजारची तशीच राहते, तेथे सांधा उघडतो आणि गळतीस वाट मिळते. तसेच नौकेवरील मंदिरांचे, म्हणजे खोल्यांचे, तीन प्रकार सांगितले आहेत: सर्वभर खोल्या असलेली सर्वमंदिरा, मध्यभागी असलेली मध्यमंदिरा, आणि अग्रभागी असलेली अग्रमंदिरा. यांतील मध्यमंदिरा वर्षाकाळास योग्य आणि अग्रमंदिरा पावसाळा सरल्यावरच्या दूरच्या प्रवासास व युद्धास योग्य म्हटली आहे. वरून येणाऱ्या पाण्याचा विचार शास्त्रकाराच्या मनात होता, हे यावरून दिसते.

या प्रकरणातील सर्वांत प्रसिद्ध वचन लोखंडाच्या निषेधाचे आहे. समुद्रात जाणाऱ्या नौकेच्या फळ्या लोखंडाने जोडू नयेत, कारण समुद्रातील लोहचुंबक त्यांस ओढून घेईल, असे कारण तेथे दिले आहे. चुंबकाचे खडक नौका ओढून घेतात ही समजूत त्या काळी अन्य देशांतही होती. ती आज कोणी खरी मानणार नाही. परंतु कारण चुकले म्हणून आचार चुकीचा ठरत नाही. पश्चिम समुद्रातील नौका शतकानुशतके खिळ्यांवाचून, नारळाच्या काथ्याने शिवून बांधल्या जात होत्या. चौदाव्या शतकातील प्रवासी इब्न बतूता याने याचे अधिक समंजस कारण दिले आहे: खिळ्यांनी ठोकलेले जहाज खडकावर आपटले तर फुटते, शिवलेले जहाज लवते आणि वाचते.

शिवलेली नौका लवते हे तिचे सामर्थ्य. पण जी लवते तिचे सांधे हलतात, आणि जिचे सांधे हलतात ती गळते. तो सांधा कसा बंद करीत, हे पाहण्यासारखे आहे. फळ्यांच्या कडांना ओळीने भोके पाडावयाची. सांध्यावर काथ्याची जाड वळी आतून दाबून बसवावयाची. सुंभाच्या दोरीने फळी फळीस आवळून शिवावयाची. आणि दोरी गेलेले प्रत्येक भोक पुन्हा काथ्याने ठासून बंद करावयाचे. वरून राळ व माशाचे तेल यांचा लेप द्यावयाचा. मार्को पोलोने तेराव्या शतकात होर्मुझ येथे अशीच जहाजे पाहिली. त्यांस डांबर लावीत नाहीत, माशाचे तेल चोपडतात, असे त्याने लिहिले, आणि अशा जहाजांतून प्रवास करणे धोक्याचे होय असा अभिप्रायही दिला. त्याच शतकाच्या अखेरीस हिंदुस्थानात आलेला माँतेकोर्व्हिनो गावचा पाद्री जॉन सांगतो की ही जहाजे कपड्यासारखी दोऱ्याने शिवलेली असतात, दोरा तुटला की तेथे भगदाड पडते, म्हणून समुद्रावर जावयाचे असेल तर दरवर्षी एकदा त्यांची कमीअधिक दुरुस्ती करावीच लागते.

आमच्या अधिक जवळचा साक्षीदार म्हणजे फ्रायर जॉर्डानस. हा चौदाव्या शतकाच्या पूर्वार्धात आपल्या ठाण्यास येऊन राहिला होता, म्हणजे कोकणची गलबते त्याने डोळ्यांनी पाहिलेली. तो म्हणतो की येथील जहाजे फार मोठी असली तरी सुईदोऱ्याने शिवलेली असतात. त्यांवर तूतक, म्हणजे माथ्यावरील फळ्यांची जमीन, मुळीच नसते. आणि त्यांत पाणी इतके येते की माणसांस बहुधा सदैव डबक्यात उभे राहून ते उपसावे लागते. परकीय माणसाच्या उपहासाचा भाग वजा केला तरी चित्र खरे वाटते. रामघाटावरील आमचा नावाडी त्याच परंपरेतील.

पुढे जहाजांवर तूतक आले. आता वरून येणारे पाणी अडले. पण माल खाली कोठारात उतरवावयाचा तर त्या तुतकास तोंड ठेवणे आले, आणि तोंड आले की झाकण आले. जहाजी खलाशांच्या हिंदुस्थानी बोलीत त्यास फालका म्हणतात. तोंडाभोवती लाकडाची उंच चौकट, तिच्यावर जाड फळ्या, त्यांवर ताडपत्री, आणि ताडपत्रीच्या कडा आवळून धरणाऱ्या पट्ट्या व पाचरी, अशी त्याची रचना. जहाजाच्या सर्व अंगांत हे अंग सर्वांत दुर्बळ, कारण ते वारंवार उघडते. शिवाय जुन्या जहाजात त्याची चौकट पाऊस, ऊन व खारे पाणी यांच्या तावडीत वर्षानुवर्षे राहिलेली असते.

याविषयीचा आमचा अनुभव आमच्या वकिलीच्या आरंभीचा आहे. शिडासाठी बांधलेले आणि मागाहून यंत्र बसविलेले एक जुने गलबत तांदूळ घेऊन बेटांकडे गेले होते. मधल्या रांगेतील पोती भिजून तांदूळ नासला. व्यापाऱ्याने मालकावर दावा लावला. मालक आमचा अशील. वादळ झाले, दैवी आपत्ती आली, असा आमचा बचाव. त्याच्या पुष्ट्यर्थ मालकाने मागील तीन वर्षांच्या डांबर, लुकण आणि पत्रा यांच्या खरेदीच्या पावत्या आम्हांपुढे ठेवल्या. दरवर्षी खर्च केला आहे, मग आणखी दक्षता ती कोणती, असा त्यांचा प्रश्न होता, आणि त्या वयात तो आम्हांस बिनतोड वाटला.

गलबत गोव्याच्या एका खाडीत उभे होते. आम्ही एका वृद्ध सुतारास बरोबर घेऊन पाहणीस गेलो. ज्या ठिकाणी पोती भिजली त्याच्या बरोबर वरची फळी फुटली असणार असे आम्ही सर्वांनी ठरवूनच टाकले होते. सुताराने काही न बोलता एका पोऱ्यास खडू देऊन कोठारात उतरविले आणि स्वतः तुतकावर पाणी ओतू लागला. त्याची रीत अशी की प्रथम सर्वांत सखल भाग भिजवावयाचा, थांबावयाचे, खालून हाक येते का ऐकावयाचे, आणि मग हातभर वर सरकावयाचे. एकदम सर्वत्र पाणी ओतले तर गळती कळते, पण वाट कळत नाही, असे तो म्हणाला. आम्ही संशयित ठरविलेल्या फळीवर घागरभर पाणी ओतूनही खाली थेंब आला नाही. तो फालक्याच्या चौकटीच्या कोपऱ्याशी आला आणि तेथे पाणी ओतून थांबला. बऱ्याच वेळाने पोऱ्याने खालून हाक दिली. थेंब पडत होता तो चौकटीपासून चार हात दूर. पाणी कोपऱ्यातून शिरून तुळईच्या खालच्या अंगाने वाहत जाऊन तेथे टपकत होते. सुतार आमच्याकडे वळून म्हणाला, "उदक पडटा थंय बुराक ना, बाब, बुराक वयर आसा."

मग त्याने तासणीने तो कोपरा खरवडण्यास आरंभ केला. आधी पत्रा निघाला, त्याखाली लुकण, त्याखाली डांबर, त्याखाली आणखी जुने लुकण, आणि सर्वांच्या तळाशी चौकटीचा कुजलेला सांधा. दरवर्षी कोणीतरी नवा थर चढविला होता. जुना थर काढून लाकडाची स्थिती कोणीही पाहिली नव्हती. वरच्या थरांनी पाणी अडविले नव्हते, फक्त आत शिरलेले पाणी वाळू दिले नव्हते. त्यामुळे लाकूड अधिकच कुजले. पुढील काम त्याने सांगितले ते असे: सारे थर काढून लाकूड उघडे करावयाचे, ते पुरते वाळेपर्यंत हात लावावयाचा नाही, कुजका भाग निरोगी लाकूड लागेपर्यंत कापून त्याच जातीच्या लाकडाचा तुकडा बसवावयाचा, सांध्यात तेलात भिजविलेली सुताची वात छिन्नीने ठासावयाची, त्यावर राळ ओतावयाची, आणि चौकटीच्या पायथ्याशी पाणी साचू नये असा उतार द्यावयाचा. त्याच जातीचे लाकूड का, असे विचारता तो म्हणाला की दुसरे लाकूड निराळे फुगते. भोजाच्या ग्रंथाचे नाव त्याने ऐकलेले असणे संभवत नव्हते.

खिळ्यांच्या जहाजांच्या सांध्यांत वात ठासण्याच्या या कामास खलाशी कालापत्ती म्हणतात. तो शब्द पोर्तुगीजांच्या 'कालाफाते' या शब्दावरून आला असे कोशकार सांगतात. शब्द परका असला तरी काम आमच्या किनाऱ्याने आपलेसे केले. असो.

त्या दिवशी परत येताना मालकाच्या पावत्या आमच्या पिशवीत होत्या, आणि त्यांचा अर्थ पुरता पालटला होता. दक्षतेचा पुरावा म्हणून आणलेला तो कागद वस्तुतः ज्ञानाचा पुरावा होता: गळती आहे हे मालकास तीन वर्षे ठाऊक होते. आम्ही अशिलास तडजोडीचा सल्ला दिला. त्यास तो रुचला नाही, पण त्याने तो मानला.

आता धर्मशास्त्र व अर्थशास्त्र याविषयी काय सांगतात ते पाहू. मनूने आठव्या अध्यायात नियम केला आहे की नावाड्यांच्या दोषाने नौकेतील काही नष्ट झाले तर ते सर्व नावाड्यांनी मिळून आपापल्या अंशाने भरून द्यावे. दैवाने झालेल्या हानीस दंड नाही. दोष आणि दैव यांच्यामधील ही रेषा आजही न्यायालयांत वादाचा विषय होते. परंतु कौटिल्य याच्या पुढे जातो. नावध्यक्ष, म्हणजे राज्याचा नौकाखात्याचा अधिकारी, याच्या कर्तव्यांचे प्रकरण त्याच्या दुसऱ्या अधिकरणात आहे. मुंबई विद्यापीठासाठी रा. पं. कंगले यांनी १९६० ते १९६५ या काळात सिद्ध केलेल्या आवृत्तीमुळे ते जिज्ञासूंस सहज पाहता येते. तेथे मोठ्या नौकेवर कोण कोण असलेच पाहिजे याची यादी आहे, आणि तीत शासक, नियामक, दोर सांभाळणारे यांच्याबरोबर 'उत्सेचक', म्हणजे पाणी उपसणारा, हाही आहे. नौका गळणारच हे शास्त्रकाराने गृहीत धरले. ते लपविले नाही, त्यासाठी माणूस नेमला. वाऱ्याने भरकटलेल्या नौकेस अधिकाऱ्याने पित्याप्रमाणे आश्रय द्यावा, आणि पाण्याने भिजलेल्या मालावर जकात माफ करावी किंवा अर्धी घ्यावी, असेही तेथे म्हटले आहे.

सर्वांत महत्त्वाचा नियम पुढे येतो. पुरेशी माणसे नसलेली, पुरेशी साधने नसलेली, किंवा 'असंस्कृता', म्हणजे दुरुस्त न केलेली, नौका बुडाली किंवा तिची हानी झाली, तर जे नष्ट झाले ते नावध्यक्षाने भरून द्यावे. येथे शास्त्रकार नावाड्याकडे बोट दाखवीत नाही, वादळाकडेही नाही. ज्याच्या हाती दुरुस्तीचा अधिकार होता आणि ज्याने तो वापरला नाही, त्याच्याकडे तो वळतो. वृद्ध सुताराची तीच रीत: थेंब पडतो तेथे छिद्र शोधू नये, वर पाहावे.

इंग्लंडात हाच प्रश्न १८७७ साली हाउस ऑफ लॉर्ड्सपुढे 'स्टील विरुद्ध स्टेट लाइन' या दाव्यात आला. न्यूयॉर्कहून ग्लासगोस निघालेल्या जहाजाची पाण्याच्या पातळीजवळची एक खिडकी नीट आवळलेली नव्हती. समुद्राचे पाणी शिरून गहू भिजला. मालवाहू जहाज प्रवासास निघताना समुद्रयोग्य असले पाहिजे हे कराराचे अध्याहृत अंगच होय, असे न्यायाधीशांनी सांगितले. आणि खिडकी आतून सहज लावता येण्यासारखी होती की मालाने अडून गेली होती, यावर जहाज समुद्रयोग्य होते की नव्हते हे अवलंबून राहील, असा विवेक केला. आपल्याकडे समुद्रमार्गे मालवाहतुकीचा १९२५ चा कायदा आला, आणि त्याने पूर्ण हमीच्या जागी जहाज समुद्रयोग्य करण्यासाठी 'यथोचित दक्षता' घेण्याचे कर्तव्य ठेवले. २०२५ साली त्याची जागा नव्या कायद्याने घेतली, तरी दक्षतेचे तत्त्व कायम राहिले. आमच्या मते या 'यथोचित दक्षते'स कौटिल्याचा 'संस्कार' हा शब्द अधिक शोभतो. संस्कार म्हणजे वरून थर देणे नव्हे. मूळ शुद्ध करून पुन्हा योग्य करणे होय.

कोकणाने हा नियम पोथीवाचून पाळला. पावसाळ्यापूर्वी गलबते किनाऱ्यावर ओढावयाची, त्यांवर झावळ्यांचे छप्पर करावयाचे, सांधे उघडून पाहावयाचे, तेल पाजावयाचे, आणि नारळी पौर्णिमेस समुद्रास श्रीफळ अर्पण करून मगच ती पुन्हा पाण्यात लोटावयाची, हा वार्षिक क्रम वाचकांच्या घरोघर परिचयाचा आहे. रामचंद्रपंत अमात्यांच्या नावाने प्रसिद्ध असलेल्या आज्ञापत्रातील आरमाराच्या प्रकरणातही पावसाळा येण्यापूर्वीच आरमार सुरक्षित बंदरात छावणीस न्यावे अशी ताकीद आहे. नारळ समुद्रास देतो हे आपणांस दिसते. त्या आधीचे दोन महिने सांध्यांस दिले होते, हे दिसत नाही. नारळ हा उत्सव, सांधा हा संस्कार. आणि दुसऱ्यावाचून पहिला म्हणजे देवास केलेली फसवणूकच.

आमच्या देवांनीही होड्यांवर भरवसा ठेवला होता. १५६० साली कुशस्थळीहून श्रीमंगेशाचे लिंग अघनाशिनी, म्हणजे जुवारी नदी, ओलांडून अंत्रुज महालात प्रियोळास आणले गेले. ते काम कौंडिण्य व वत्स गोत्रांच्या सारस्वतांनी केले. दिवाडी बेटावरचा श्रीसप्तकोटेश्वर असाच नदी ओलांडून नार्व्यास गेला, आणि १६६८ साली छत्रपती शिवाजी महाराजांच्या आज्ञेने त्याच्या मंदिराचा जीर्णोद्धार झाला. त्या होड्यांची नावे कोणी लिहून ठेवली नाहीत, त्यांचे सांधे कोणी ठासले हेही नाही. परंतु त्या गळल्या नाहीत, एवढ्यावर पुढील साडेचार शतकांची पूजा उभी आहे.

आणि येथे उज्जयिनी पुन्हा आमच्या मार्गात येते. १२३५ च्या सुमारास इल्तुतमिशाच्या स्वारीत महाकालाचे मंदिर उद्ध्वस्त झाले होते. अठराव्या शतकाच्या पूर्वार्धात राणोजी शिंद्यांचे दिवाण रामचंद्र मल्हार सुखटणकर, ज्यांस रामचंद्रबाबा शेणवी म्हणून इतिहास ओळखतो, त्यांनी ते पुन्हा उभारले. याच सुखटणकरांच्या सांगण्यावरून १७३९ साली पेशव्यांनी मंगेशी हे गाव श्रीमंगेशाच्या देवस्थानास दिले. एकाच पुरुषाचा हात क्षिप्रेच्या काठी आणि अंत्रुजात लागला. त्याचे दोन्ही कार्य जतनाचे आहे: एकीकडे मोडलेले पुन्हा उभे केले, दुसरीकडे उभे असलेले पुढे चालावे म्हणून उत्पन्नाची व्यवस्था लावली. गाव देण्यामागील हेतू हाच की दरवर्षीच्या संस्कारास दरवर्षी दाता शोधण्याची वेळ येऊ नये.

अलीकडील एक घटनाही येथे सांगण्यासारखी आहे. अजिंठ्याच्या भित्तिचित्रातील पाचव्या शतकातील जहाजावरून काथ्याने शिवलेले एक शिडाचे जहाज गोव्यात नव्याने बांधले गेले. सप्टेंबर २०२३ मध्ये त्याचा कणा घातला, फेब्रुवारी २०२५ मध्ये ते पाण्यात उतरले, आणि २१ मे २०२५ रोजी कारवार येथे भारतीय नौदलात दाखल होऊन त्यास 'कौंडिण्य' हे नाव मिळाले. केरळातील कुशल कारागिरांनी बाबू शंकरन यांच्या देखरेखीखाली त्याच्या फळ्या शिवल्या, काथ्या व राळ यांनी सांधे बंद केले. २९ डिसेंबर २०२५ रोजी ते पोरबंदरहून मस्कतकडे निघाले, आणि पुढील महिन्यात तेथे पोहोचले. हे नाव आग्नेय आशियात गेलेल्या प्राचीन नाविक कौंडिण्याचे. मंगेशाचे लिंग आणणाऱ्यांच्या गोत्राशी त्याचा संबंध जोडण्याचा मोह वाचकांनी आवरावा. आम्हांस त्या जहाजाविषयी आनंद आहे, अभिमानही आहे. परंतु त्याची खरी परीक्षा त्याच्या दुरुस्त्यांत होईल. पाद्री जॉन सांगून गेला त्याप्रमाणे शिवलेले जहाज दरवर्षी मायेचा हात मागते. तो हात देणारे कारागीर पुढील पिढीत असतील, तरच आपण एक विद्या परत मिळविली असे म्हणता येईल.

लेख संपविण्यापूर्वी एक कबुली देणे प्राप्त आहे. आम्ही ज्या देवस्थानाच्या महाजनांत मोडतो, तेथे पालखी ठेवण्याच्या खोलीचे छप्पर कित्येक पावसाळे गळत आहे. सभेत नव्या सभागृहास देणग्या जाहीर होतात, कारण त्यावर नावाची शिला बसते; कौल फिरविण्यास कोणी शिला बसवीत नाही. म्हणून दर आषाढात कोणीतरी त्या थेंबाखाली एक घागर आणून ठेवतो, आणि आम्ही सर्व, वकिलांसह, ती घागर ओलांडून दर्शनास जातो. उज्जयिनीहून परत आल्यावर ती घागर आम्हांस पाहवेना. देवाच्या मस्तकावर बांधलेली मटकी ही सेवा. देवाच्या पालखीशेजारी ठेवलेली घागर ही आमच्याविरुद्धची साक्ष.

जीर्णोद्धाराचे पुण्य नव्या बांधकामाहून अधिक, असे आमच्याकडे परंपरेने मानीत आले आहेत. कौटिल्याच्या नियमाने पाहिले तर त्या खोलीतील नुकसान भरून देण्याचे दायित्व पावसाचे नाही, पुजाऱ्याचे नाही, कौलांचेही नाही. ते आम्हां महाजनांचे आहे, आणि आमचा बचाव काय, असे कोणी विचारले तर आमच्याकडे पावत्यासुद्धा नाहीत. पुढील सभेत आम्ही त्या छपराचा विषय मांडणार आहोत. प्रथम जुने थर काढून पाहावे, लाकूड वाळू द्यावे, आणि जेथे थेंब पडतो त्याच्या वर शोध घ्यावा, एवढीच आमची सूचना असेल.